औषधांत काही बदल?

४ मार्च, दुपार

खडू,

बाबा जिवंत आहेत. हे आधी सांगते, म्हणजे तुला पुढचं नीट वाचता येईल आणि मला मोकळेपणी ओरडता येईल.

तुझे एकोणीस मिस्ड कॉल दिसतायत. उचलणार नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, दुसऱ्या वाक्याला समजावायला लागतोस. मेसेज लिहायला घेतला तर फोन पुढचा शब्द सुचवतो, आणि मला सध्या कुणी काही सुचवलेलं चालणार नाही. म्हणून हृदयविभागाच्या बाहेरच्या बाकावर बसून कागदावर लिहितेय आणि फोटो काढून पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर परत परत वाच. भाऊ आहेस, तेवढं करशील.

परवा सकाळी आठला बाबा नेहमीसारखे तरणतलावावर गेले. तिथल्या पोहण्याच्या शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी जातात. उथळ बाजूला कमरेएवढ्या पाण्यात चालायचं आणि पोहणाऱ्या प्रत्येकाच्या हातापायांच्या चुका काढायच्या, हा त्यांचा व्यायाम. परवा मात्र ते पाण्यात उतरलेच नाहीत. पायरीवर बसले आणि उठता येईना. तिकीटखिडकीवरच्या बाई धावत गेल्या. त्या सांगत होत्या, "सर म्हणाले, हे पाय माझे नाहीत असं वाटतंय. आणि मग एकदम डोळे पांढरे केले." अॅम्ब्युलन्स आली तेव्हा नाडी चौतीस होती. इथे पोचेपर्यंत अठ्ठावीस.

मला वाटलं, दुसरा अटॅक. डॉक्टरांनाही तेच वाटलं. मग रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम सात पूर्णांक दोन. साडेपाचच्या वर गेलं की धावपळ करायची असते; सातच्या वर हृदय कुठल्याही ठोक्याला थांबू शकतं. शिरेतून औषधं दिली, एकदा डायलिसिस करावं लागलं, तेव्हा कुठे ठोके जागेवर आले.

हृदयाच्या डॉक्टर मोजकं बोलतात. त्यांनी विचारलं, "हे घरी काय खातात?" मी माझा फोन पुढे केला. तुझ्या कंपनीचा आहाराचा प्लॅन. वर हिरवं हृदय, खाली बाबांचा फोटो. रोज दोन केळी. पालक. टोमॅटोचा रस. आणि साध्या मिठाऐवजी 'कमी सोडियमचं खास मीठ'. त्यांनी वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाल्या, "या मिठात सोडियम कमी करून त्या जागी काय घालतात, माहितीय ना?"

पोटॅशियम. तू पाठवलेल्या मिठाने माझ्या बापाचं हृदय बंद पाडायची वेळ आणली होती. लहानपणी शाळेतले खडू खायचास, म्हणून तुझं नाव खडू पडलं. आणि आज तू जगाला काय खावं ते शिकवतोस.

ताई


७ मार्च

खडू,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी रडलास आणि पाचव्या ओळीत लिहिलंस, 'पण ताई, प्लॅन चुकीचा नव्हता.' ती पाचवी ओळ लिहिल्याशिवाय तुला झोप आली नसती का?

आता तुझा प्लॅन आमच्या घरात कसा आला ते सांगते. तुला तुझी बाजू पाठ आहे, आमची ऐक.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अटॅक आला तेव्हा मी तुला एकच शब्द म्हणाले होते, ये. तू म्हणालास, आत्ता शक्य नाही, पण काहीतरी पाठवतो. नवव्या दिवशी खोकं आलं. थुंकी भरायची नळी, बोटातून रक्त काढायची सुई, दंडाला चिकटवायची साखर मोजणारी पट्टी, आणि पोटातले जिवाणू तपासायला जे पाठवावं लागतं त्याची डबी. ते खोकं मी बाबांच्या पलंगावर उघडलं आणि तुला फोन करून म्हणाले, बापाला भेटायला बोलावलं तर तू त्याची शी मागवतोस. त्यानंतर आपण बोललो नाही. त्या वाक्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

पण बाबा! बाबांना ते खोकं म्हणजे पदक मिळाल्यासारखं झालं. रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना एक झेरॉक्स दिली होती, 'हृदयरुग्णांसाठी आहार', सगळ्या खाटांवर तीच. बाबांनी ती पाकिटासकट ड्रॉवरमध्ये टाकली. "ही सगळ्यांसाठी आहे," म्हणाले, "आणि हे माझ्या एकट्यासाठी बनवलंय. माझ्या रक्तावरून. माझ्या मुलाने." तिकीटखिडकीवर सांगितलं. न्हाव्याला सांगितलं. न्हाव्याने विचारलं, "म्हणजे सर, तुमचा बटाटा आणि माझा बटाटा वेगळा?" बाबा म्हणाले, "बटाटा तोच, पोट वेगळं."

आणि खोटं कशाला बोलू, प्लॅनने काम केलं. ओट्स खाल्ले की बाबांची साखर जिन्याने वर जाते आणि अंड्याने जात नाही, हे तुझ्या पट्टीनेच दाखवलं. ब्रेडच्या आधी भाजी खाल्ली की दुपारची सुस्ती गेली. सहा महिन्यांत नऊ किलो उतरले, कोलेस्टेरॉल निम्म्यावर आलं, आमचा तिसरा मजला न थांबता चढायला लागले. मी बघत होते. मनातल्या मनात दातओठ खात होते, पण बघत होते.

मग इतकं सगळं ओळखणाऱ्या तुझ्या यंत्राला एवढं कसं कळलं नाही? त्यांच्या आतड्यात कुठला जिवाणू काय करतो ते माहीत. त्यांच्या पणजोबांकडून कुठला दोष आला ते माहीत. आणि जानेवारीच्या शेवटी पायांवर सूज आली, हृदयाचा पंप मंदावलाय म्हणून डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली, ती माहीत नाही! ती गोळी शरीरातलं जादा पाणी काढते आणि पोटॅशियम मात्र आत राखून ठेवते. वीस महिने चाललेलं मीठ त्या गोळीबरोबर पाच आठवड्यांत विष झालं. कुठल्याही औषधाच्या दुकानातल्या माणसाला विचारलं असतंस तरी त्याने सांगितलं असतं.

कुठल्याही.

ताई


१० मार्च

आज तू मला काय पाठवलंस ते तुला कळलंय का?

मी रात्रंदिवस इथे बाकावर. बाबांना दोन चमचे सूप जातंय. आणि तू ऑफिसातून एक उतारा काढून पाठवतोस. '८ फेब्रुवारी, सकाळी ११.४०. प्रश्न : औषधांत काही बदल? उत्तर : नाही.' खाली माझ्या फोनचा नंबर. वर तुझं सौम्य वाक्य, 'ताई, दोष द्यायचा नाहीये, फक्त नोंद दाखवतोय.'

दोष द्यायचा नाहीये म्हणे! मग काय शोभेला पाठवलंस? तुमच्या वकिलाने सांगितलं का?

फोन घरात टेबलावर पडलेला असतो. बाबा त्यावर आपलं जेवण नोंदवतात. त्यांनीच दाबलं असेल. त्यांना लहान अक्षरं दिसत नाहीत. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने बोट कुठे ठेवलं त्यावर तुमचं शास्त्र उभं असेल, तर घाल ते चुलीत.

आता लिहू नकोस.


११ मार्च, सकाळ

खडू,

काल मी खोटं लिहिलं.

८ फेब्रुवारीला सकाळी अकरा चाळीसला फोन माझ्या हातात होता. मी दुकानात काउंटरवर होते. समोर सात माणसं उभी. एक बाई खोकल्याचं औषध मागत होती, एक म्हातारे चिठ्ठी हरवली म्हणून हुज्जत घालत होते, आणि फोन सारखा थरथरत होता. तुझं हिरवं हृदय. 'औषधांत काही बदल?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. मागे एकदा मी 'हो' दाबलं होतं तेव्हा अकरा पानं उघडली होती, पहिल्या पानावर बाबांची जन्मतारीख पुन्हा विचारली होती. मी 'नाही' दाबलं, फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हाताऱ्यांना म्हणाले, "बोला काका."

मी वीस वर्षं फार्मासिस्ट आहे. हे तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा लिहून बघायचं होतं. बाबांची ती नवी गोळी मी माझ्या हाताने फडताळातून काढली. माझ्या हाताने पाकिटावर लिहिलं, सकाळी एक, नाश्त्यानंतर. दुसरं कुणी ही गोळी न्यायला आलं की मी विचारते, केळी जास्त खाता का, वेगळं मीठ वापरता का. रोज विचारते. बाबांची गोळी काढली त्या दिवशी काउंटरच्या पलीकडे कुणी नव्हतं, मीच होते, म्हणून विचारलं नाही.

आणि डॉक्टरांनी सात दिवसांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. एका आठवड्यात दुकानात माल आला. दुसऱ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "मी ठणठणीत आहे." मी म्हणाले, बरं.

गर्दी हे कारण खरं आहे, पण सगळं नाही. 'हो' दाबलं असतं तर तुझ्या लोकांना निरोप गेला असता, त्यांनी तुला सांगितलं असतं, आणि मग तू बाबांना फोन करून त्या गोळीविषयी समजावलं असतंस. बाबा जेवताना मला ऐकवणार, "खडू म्हणत होता, ही गोळी अशी अशी असते." माझ्या काउंटरवरची गोळी! ते मला ऐकायचं नव्हतं. तू आला नाहीस, तुझी डबी आली, आणि घरात शब्द चालतो तुझा. मी रोज बाबांची नखं कापते, पायांची सूज दाबून बघते, आणि ते तुझा आलेख न्हाव्याला दाखवतात. मला जळायला होतं, खडू. दोन वर्षं होत होतं. त्या जळफळाटात ते बोट पडलं.

आज सकाळी डॉक्टरांना सांगितलं. त्या फाइल बघत होत्या.

"रक्ताची तपासणी मी सात दिवसांनी लिहिली होती."

"हो."

"तुम्ही काय काम करता?"

"फार्मासिस्ट आहे."

त्यांनी फाइल मिटली. "मग मी तुम्हाला वेगळं काय सांगू?"

त्यांनी ओरडायला हवं होतं.

आता तुला. हे वाचून हुश्श करू नकोस. माझ्या बोटाची लाज मी वाटून घेते. तू तुझ्या अकरा पानांची वाटून घे. हृदयाच्या माणसाला पोटॅशियमचं मीठ सांगताना महिन्यातून एकदा 'काही बदल?' एवढंच विचारायचं आणि दमलेल्या माणसाला सुटायला 'नाही'चं बटण द्यायचं, हा प्रश्न कुणी लिहिला? तूच ना? बाबा अभिमानाने सांगत होते, हृदयाचा सगळा फॉर्म खडूने बनवलाय.

ताई


१७ मार्च

खडू,

बाबा घरी आले. मीठ, केळी, रस, सगळं घरातून गेलं. ठोके अडुसष्ट, पोटॅशियम साडेचार. तुला आकडे आवडतात म्हणून आधी आकडे.

काल दुपारी त्यांना खुर्चीत बसवून सगळं सांगितलं. बटण, गोळी, न केलेली तपासणी. म्हटलं आता शिव्या घालतील. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज अजून आहे त्यांचा. ते म्हणाले, "पाय चार दिवस आधीपासून जड झाले होते."

"काय?"

"जिना चढताना. बोटांना मुंग्याही येत होत्या."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू प्लॅन बंद केला असतास."

"करायलाच हवा होता! बाबा, तुम्ही मेला असतात!"

"असतो," म्हणाले, अगदी शांतपणे. "पण प्लॅन बंद केला असता, तर रविवारी तो काय बघायला आला असता?"

मी स्वयंपाकघरात गेले. पाण्याचा नळ सोडून उभी राहिले.

खडू, दर रविवारी सकाळी दहा वाजता तू त्यांना फोन करतोस. मी त्या वेळी मुद्दाम बाहेर जाते, म्हणून मला ठाऊक नव्हतं. काल त्यांनी सांगितलं. तू आठवड्याचा आलेख उघडतोस. सोमवार छान, मंगळवारी दुपारी काय खाल्लं होतं, गुरुवार छान. दहा मिनिटं. आठवड्याचे सगळे खाने भरलेले असले की तू म्हणतोस, "शाब्बास बाबा." एकदा त्यांना सर्दी झाली आणि तीन दिवस त्यांनी काही नोंदवलं नाही, तर त्या रविवारी तुझा फोन चार मिनिटांत संपला. त्यांनी मोजलं होतं. तेव्हापासून त्यांनी एक घास सोडला नाही. भूक नसताना दुसरं केळं खायचे, कारण खाना रिकामा राहिला असता.

तू त्यांच्या रक्ताचं, थुंकीचं, आतड्याचं ऐकलंस. इतक्या आठवड्यांत एकदा तरी विचारलंस का, बाबा, बरं वाटतंय ना? विचारलं असतंस तर त्या शेवटच्या रविवारी ते बोलले असते. मला नाही सांगायचे, तुला सांगितलं असतं. पाय जड झालेत म्हणून. त्यांना फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि ते तू असायला हवं होतास.

मी रागावलेय ना, ती यासाठी. मिठासाठी अर्धी, यासाठी सगळी.

आता दोन कामं कर. पहिलं, तो प्रश्न बदल. 'काही बदल?' काढून टाक. गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मागव, आणि तो फार्मासिस्टने बघितल्याशिवाय हृदयाच्या कुणालाही ते मीठ सुचवू नका. दुसरं, आमच्यासारखे आणखी किती आहेत ते शोध. ती गोळी आणि ते मीठ, दोन्ही घेणारे. असणारच. मी एकटीच दमलेली नाही जगात.

तिसरं मी सांगणार नाही. दोन वर्षांपूर्वी सांगून झालंय.

ताई


२४ मार्च

खडू,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

एक्केचाळीस. तू लिहिलंस तो आकडा. एक्केचाळीस माणसं ती गोळी आणि ते मीठ एकत्र घेत होती आणि प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी माझ्यासारखं 'नाही' दाबलं होतं. तू आणि तुझ्या विभागातल्या दोघींनी सगळ्यांना स्वतः फोन केलेत, सहा जणांचं पोटॅशियम वाढलेलं निघालं, दोघांना त्याच दिवशी दाखल केलं. साहेब म्हणाले, गवगवा नको, सूचना पाठवून मोकळे व्हा. आणि तू त्यांच्या केबिनमध्ये आवाज चढवलास. बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "त्याचा आवाज चढतो? कधीपासून?" आणि मग बराच वेळ हसत होते.

नोकरी राहील की नाही माहीत नाही, असं लिहिलंस. त्याबद्दल मी तुला धीर देणार नाही. पण भांडलास हे बरं केलंस.

काल आम्ही रुग्णालयातल्या त्याच आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. झेरॉक्सवाल्या. मी तुझे वीस महिन्यांचे आलेख छापून नेले होते. मला वाटलं, त्या नाक मुरडतील. त्यांनी चष्मा लावला आणि पाऊण तास एकेक पान बघितलं. म्हणाल्या, "ओट्सने यांची साखर चढते हे मला जन्मात कळलं नसतं. माझ्याकडे रोज साठ जण येतात, मला प्रत्येकाला चार मिनिटं मिळतात, म्हणून ती झेरॉक्स." तुझ्यातलं अर्ध्याहून जास्त त्यांनी ठेवलं. अंडं ठेवलं, आधी भाजी ठेवली. बाकी गोळ्यांची यादी शेजारी घेऊन बदललं. मीठ साधं, पण चिमटीने. मग पेन खाली ठेवून बाबांना विचारलं, "सर, तुम्हाला काय खायला आवडतं?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. त्यांना उत्तर आठवेना.

दुकानाच्या मालकांना मी माझी चूक सांगितली. आता ती गोळी देताना दोघांनी तपासायचं, असं ठरलंय. माझ्या घरच्यांचं औषध मी स्वतः द्यायचं नाही, हेही ठरलंय. ते मीच ठरवलं.

ताई


२ एप्रिल
दाराला लावलेली चिठ्ठी

खडू,

हे वाचतोयस म्हणजे या वेळी कळवल्याप्रमाणे विमानात बसलास. मला खात्री नव्हती, म्हणून बाबांना काही सांगितलेलं नाही. याआधी तीनदा सांगितलं होतं, तीनदा त्यांनी दाढी केली, आणि तीनदा तू तिकीट रद्द केलंस. चौथ्यांदा मला ते बघायचं नव्हतं.

ते आत खिडकीपाशी बसलेत. बेल दोनदा वाजव, पहिली त्यांना ऐकू येत नाही. उठायला वेळ लागतो, घाई करू नकोस, दारही ढकलू नकोस. फार बारीक झालेत. बघून चेहरा पाडू नकोस.

टेबलावर झाकून ठेवलंय ते दोघांचं आहे. ते सगळं खाणार नाहीत. राहू दे, मोजू नकोस. गोळ्या जेवणानंतर, निळ्या डबीत, दुसऱ्या माणसाने तपासलेल्या आहेत. फोन बंद करून ठेव. ते काही सांगायला लागले की मध्ये बोलू नकोस, चूक असलं तरी.

मला काउंटर सोडून येता येत नाही, आणि खरं सांगायचं तर येता आलं असतं तरी आले नसते. तुला दारात बघून मी रडले असते, आणि तेवढा मान तुला अजून द्यायचा नाही.

आधी बाबांना भेट. भांडायला मी सहा वाजता येते.

ताई